ढगाचा नंबर

मोठे सर परिषदेहून परतले ते खांद्याला एक कापडी पिशवी आणि डोक्यात मुलांचं मानसिक आरोग्य घेऊन. पिशवी त्यांनी कारकुनाला देऊन टाकली. मानसिक आरोग्य कुणाच्या गळ्यात घालायचं हे ठरवायला शाळा सुटल्यावर शिक्षकांची बैठक बोलावली.

बैठकीत त्यांनी सांगितलं, की हल्लीच्या मुलांच्या मनावर भयंकर ताण आहे आणि तो ताबडतोब, म्हणजे सहामाही परीक्षेच्या आत, कमी व्हायला हवा. परिषदेत कुणीतरी पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र दाखवलं होतं. ते सरांना फार आवडलं होतं, पण त्यातला कुठला रंग कशाचा हे आता आठवत नव्हतं. मुद्दा एवढाच, की शाळेत मन मोकळं करण्याची एक खोली हवी, खोलीला एक प्रमुख हवा आणि प्रमुखाचा आवाज मृदू हवा. एवढं बोलून सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. गणिताचे सर खिडकीबाहेर बघू लागले. भाषेच्या बाईंना एकदम वह्या तपासायची आठवण झाली. भूगोलाच्या बाईंचा घसा त्या आठवड्यात बसला होता. "पण सर, मला यातलं..." एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते इतकं हळू, इतकं हळुवार बाहेर पडलं की मोठ्या सरांचा चेहरा उजळला.

"बघा," ते बाकीच्यांना म्हणाले. "असा आवाज पाहिजे."

पुढच्या आठवड्यात बाईंचा घसा सुटला, पद काही सुटलं नाही.

खरं सांगायचं तर बाईंना आतून थोडं बरंच वाटलं होतं. हातात फोन आल्यापासून नकाशा कुणाला लागत नव्हता, आणि भूगोलाचे तास वर्षागणिक आटत चालले होते. शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची सरकत सरकत पार पाण्याच्या पिंपाजवळ गेली होती. आता दारावर त्यांच्या नावाची पाटी लागणार होती. घरी त्या आणि त्यांची नववीतली लेक, दोघीच. लेक त्याच शाळेत. पाटीची बातमी ऐकून लेकीने एवढंच विचारलं, की म्हणजे आता घरीही मन मोकळं करावं लागणार का.

प्रशिक्षण एका दुपारी संगणकावर उरकलं. पडद्यावरची हसरी तज्ज्ञ सांगत होती, की मुलाला "काय झालं?" असं कधीही विचारू नये, त्याने मूल मिटतं. "तुला आत्ता शरीरात कुठे काय जाणवतंय?" असं विचारावं. शेवटी परीक्षा होती. चुकीच्या उत्तरावर बोट ठेवलं की पडदा थरथरायचा, मग बाई दुसऱ्यावर ठेवायच्या. अशा पद्धतीने त्या उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या.

खोली म्हणून खेळाच्या सामानाची कोठी मिळाली, तीही अर्धी. मध्ये एक फुलाफुलांचा पडदा टांगला होता. पडद्याच्या अलीकडे मन आणि पलीकडे चेंडू, जाळ्या, उंच उडीचे बांबू. सगळीकडे जुन्या चामड्याचा वास. बसायला एक मोठी बीनबॅग आणली होती. तिच्यात मूल बसलं की गुडघे कानाला लागायचे, आणि बाई एकदा बसल्या तेव्हा त्यांना उठवायला दोन मुलींना बोलवावं लागलं. दाराला सरांनी मुद्दाम काच बसवून घेतली होती. पारदर्शकता असावी, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मन मोकळं करत असताना मधूनच काचेत सरांचं कपाळ दिसायचं.

सुरुवातीला कुणी फिरकलं नाही. मग गणिताच्या सरांना खोलीचा उपयोग सापडला. गृहपाठ न आणणाऱ्याला पूर्वी ते वर्गाबाहेर उभं करायचे, आता "जा, मन मोकळं करून ये" म्हणून पाठवायचे. पोरं मान खाली घालून दाराशी रांग लावायची. एकाने तर आत येताच सांगितलं, की बाई, माझं लवकर मोकळं करा, पुढचा तास खेळाचा आहे.

फळ्याची कल्पना मात्र बाईंची स्वतःची, आणि ती वाईट नव्हती. मनाबद्दल विचारलं की मुलं जमिनीकडे बघतात, हवेबद्दल विचारलं की बोलतात, हे त्यांना इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून कळलं होतं. म्हणून प्रत्येक वर्गाबाहेर एक फळा लागला. सकाळी आत जाताना प्रत्येकाने आपल्या हजेरी क्रमांकाखाली एक चित्र टाचायचं: ऊन, ढग, पाऊस किंवा वादळ. कुणी कुणाला कारण विचारायचं नाही. ज्याने वादळ लावलं असेल त्याच्याशेजारी बाई मधल्या सुट्टीत जाऊन बसायच्या आणि भलतंच काहीतरी बोलायच्या. बोलता बोलता पोर आपणहून सांगून टाकायचं. कुणाचा कुत्रा हरवलेला असायचा. एकाचे आईवडील एकाच खोलीत बसून एकमेकांशी त्याच्यामार्फत बोलत होते आणि निरोप देऊन देऊन तो थकला होता. बाईंकडे यातल्या कशावर उपाय नव्हता. पण सांगून झालं की पोर डबा उघडायचं, एवढं त्यांनी पाहिलं होतं.

पहिल्या चाचणीच्या सकाळी नववीच्या फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वादळ लागलं. बाईंना हसू आलं. मोठ्या सरांना आलं नाही, कारण नेमके तेव्हाच ते एका नव्या पालकांना शाळा दाखवत होते आणि त्या गृहस्थांनी फळ्याकडे बघून, इथे काही दुर्घटना झालीय का, असं काळजीने विचारलं होतं.

सरांनी बाईंना बोलावून घेतलं. उपक्रम उत्तम आहे, ते म्हणाले, पण हवामान सुधारत नाहीये. बाईंनी समजावून पाहिलं, की वेधशाळा पाऊस सांगते, थांबवत नाही. सरांना वेधशाळेशी कर्तव्य नव्हतं. शहरातली एक मोठी संस्था यंदा "आनंदी शाळा" असा सन्मान देणार होती, तिची समिती पाहणीला यायची होती, आणि व्हरांड्यात वादळ टांगून सन्मान मिळत नसतो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी जाहीर केलं, की ज्या वर्गाच्या फळ्यावर सर्वांत जास्त ऊन, त्या वर्गाला दर महिन्याला फिरता चषक.

हवामान झपाट्याने सुधारलं. ज्या पोराचे आईवडील त्याच्यामार्फत बोलायचे त्याच्या क्रमांकाखालीसुद्धा ऊन पडलं. मधल्या सुट्टीत बाईंनी कुणाजवळ बसावं असा कुणी उरला नाही. पालकसभेत सरांनी आलेख दाखवला, टाळ्या पडल्या, आणि एका वडिलांनी हात वर करून विचारलं, की आमचा मुलगा आनंदी होतो, पण त्याला जरा वेळ लागतो, सकाळी शाळेत पोचेपर्यंत व्हायचा राहतो. तर यासाठी बाहेर कुठे वर्ग असतात का. अजून दोघातिघांनी आपापल्या वह्या उघडल्या आणि पेनं सरसावली.

बाईंना हे सगळं खटकत होतं. पण समितीपुढे बोलण्याचा मान त्यांना मिळणार होता, आणि इतक्या वर्षांत कुणी त्यांना बोला म्हटलं नव्हतं. त्यांनी भाषण लिहिलं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं. खटकणाऱ्या गोष्टीकडे बघायला मग सवड उरली नाही. समिती यायच्या दोन दिवस आधी त्या संध्याकाळी जेवायला बसल्या तेव्हाही त्यांच्या डोक्यात भाषणाचा शेवटच घोळत होता. तेवढ्यात लेक म्हणाली, की उद्या मला लवकर उठव, आरशात उदास चेहरा करून बघायचाय, उद्या माझा ढगाचा नंबर आहे.

बाईंना कळेना. लेकीने समजावून सांगितलं. झालं असं होतं, की सगळीकडे ऊनच ऊन झाल्यावर मोठ्या सरांनीच वर्गात येऊन, थोडं नैसर्गिक दिसू द्या, असं सुचवलं होतं. मग मॉनिटरने व्यवस्था लावली. हजेरीप्रमाणे रोज दोघांनी ढग लावायचा, बाकीच्यांनी ऊन. पाऊस फक्त मॉनिटरला विचारून. वादळ बंद. ज्याचा नंबर असेल त्याने दिवसभर जरा गप्प राहायचं, म्हणजे शोभतं. एकदा एकाचा नंबर नेमका त्याच्या वाढदिवशी आला, तर त्याने दुसऱ्याशी अदलाबदल केली.

बाईंना ठसका लागेपर्यंत हसू आलं. आईला इतकं हसताना लेकीने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून तिला आणखी चेव आला.

"आणि मुंगीचं तर विचारूच नकोस," ती म्हणाली. "ती सगळ्यांचे ढग मागत फिरते. बदल्यात तिची ती जांभळी पेनं देते. होती तेवढी देऊन टाकली, आता डब्यातला खाऊ देते."

"आणि मुलं देतात तिला ढग?"

"आधी द्यायची. आता मॉनिटर नाही म्हणतो. एकाच मुलीखाली रोज ढग दिसला तर चषक जाईल ना."

बाईंचा हात ताटात होता तिथेच राहिला. लेक पुढे बोलत होती, मग तीही बोलायची थांबली. आईकडे बघून तिने हळूच विचारलं, की यात वाईट काही आहे का. बाई म्हणाल्या, माहीत नाही. मग म्हणाल्या, हो, आहे बहुतेक.

मुंगी म्हणजे नववीतली सगळ्यात लहान चणीची मुलगी. सगळ्यांच्या वह्या गोळा करून नेणारी, फळा पुसणारी, विचारायच्या आत हात वर करणारी. कधी उशीर नाही, कधी तक्रार नाही. सगळ्या शिक्षकांची ती लाडकी होती. तिच्या बाबतीत चिंतेचं काही नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे कुणी नीट पाहिलेलंही नव्हतं. बाईंनी त्या रात्री आठवून पाहिलं, तर मुंगीची धावपळ आठवली, चेहरा नीट आठवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला खोलीत बोलावलं. मुंगी बीनबॅगच्या अगदी कडेवर टेकली आणि हात मांडीवर ठेवून हसली. बाईंनी प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे विचारलं, तुला आत्ता शरीरात कुठे काय जाणवतंय.

"छान जाणवतंय, बाई," मुंगी म्हणाली. "सगळीकडेच."

काचेत कपाळ उगवलं. सरांनी बाहेरून अंगठा उंचावून दाखवला आणि ते पुढे गेले. बाई उठल्या. त्यांनी मुंगीला बरोबर घेतलं आणि व्हरांड्याच्या टोकाला नकाशांची बोळकांडीवजा खोली होती तिथे गेल्या. तिथे काच नव्हती, खुर्चीही नव्हती. कडा फाटलेले नकाशे कितीतरी दिवस चिकटवायचे राहिले होते. दोघी फरशीवर बसल्या. बाईंनी नकाशा पसरला, मुंगीने चिकटपट्टी धरली. एक कडा झाली, दुसरी झाली. मुंगीचं काम नेटकं होतं, पण जवळून पाहिल्यावर डोळ्यांखाली काळं दिसत होतं.

"तू सगळ्यांचे ढग का मागतेस गं?" बाईंनी नकाशावरची नजर न काढता विचारलं.

मुंगीने दातांनी पट्टी तोडली.

"मला एक पुरत नाही," ती म्हणाली. "आणि पाऊस लावायला मॉनिटरला कारण सांगावं लागतं. मला कारण माहीत नाही."

मग ती बोलत राहिली, अगदी सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं. रात्री झोप लागत नाही. जेवण घशाखाली उतरत नाही, म्हणून डबा वाटून टाकते. दिवसभर पळत राहिलं की बरं, थांबलं की सगळं अंगावर येतं. आणि सकाळी जाग आली की वाटतं, आली नसती तर बरं झालं असतं. जगणं संपावं असं वाटतं का, बाईंनी विचारलं, सरळ त्याच शब्दांत. मुंगीने हो म्हणून मान हलवली. घरी सांगितलंस का, तर नाही. आई दिवसभर उभी राहून काम करते, तिला आणखी कशाला. आणि शाळेत सांगायचं तर तिथे फळा.

संगणकावरच्या त्या हसऱ्या तज्ज्ञ बाईने याच्याबद्दल काही सांगितलं होतं का, हे त्यांनी आठवून पाहिलं. सांगितलं नव्हतं.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "मला यातलं पुरेसं कळत नाही. दारावर पाटी आहे माझी, तरी कळत नाही. पण ज्यांना कळतं अशी माणसं आहेत, आणि त्यांच्याकडे मी तुझ्याबरोबर येणार आहे. तुझ्या आईलाही आजच सांगणार आहे."

"मला राग येईल तुमचा."

"येऊ दे. तरी सांगणार."

मुंगीने पुन्हा पट्टी हातात घेतली. रागावलेली काही ती दिसली नाही. खांदे मात्र जरा खाली आले होते, हातातली जड पिशवी कुणीतरी एका बाजूने धरावी तसे.

बाईंनी लेकीला वर्गातून बोलावून मुंगीजवळ बसवलं आणि त्या मोठ्या सरांकडे गेल्या. सरांच्या टेबलावर समितीसाठी आणलेल्या फुलांच्या कुंड्या होत्या, आणि कुठली कुठे ठेवायची यावर विचार चालला होता. बाईंनी सांगितलं तेव्हा क्षणभर सरांचा चेहरा खरोखर उतरला. माणूस दगडाचा नव्हता. एवढी हसरी मुलगी, ते म्हणाले. मग त्यांची नजर कुंड्यांकडे गेली आणि चेहरा पुन्हा मुख्याध्यापकाचा झाला. शाळेकडून रुग्णालयात चिठ्ठी गेली की बोभाटा होणार, मुलगी नववीतली, चषकही नववीकडे, समितीसाठीच्या अहवालात वादळ शून्य लिहिलेलं. उद्या समिती येऊन जाऊ दे, परवा शांतपणे बघू.

"अहवाल मीच लिहिलाय, सर," बाई म्हणाल्या. "मग तिला काय सांगू? परवापर्यंत थांब म्हणून?"

"अगदी त्या शब्दांत नका सांगू," मोठे सर म्हणाले.

बाई जिन्यात गेल्या आणि तिथून त्यांनी आधी रुग्णालयात फोन लावला, मग मुंगीच्या आईला. रुग्णालयातून सांगितलं, की सकाळी आल्या आल्या बघतो, तोवर मुलीला एकटीला सोडू नका, रात्रीही कुणीतरी जवळ झोपा, आणि त्याआधी काही वाटलं तर तशाच उठून या, कुठल्याही वेळी. मुंगीची आई बायकांचे केस कापायची. ती एप्रनसकट धावत आली, बाह्यांवर कुणाचे तरी कापलेले केस चिकटलेले. सुरुवातीला ती भडकलीच. माझ्या पोरीच्या डोक्यात नाही नाही ते काय भरवलंत, तिने विचारलं. घरी तर चांगली हसत असते.

"इथेही हसते," बाई म्हणाल्या.

नकाशांच्या खोलीच्या दारातून आईने आत पाहिलं. मुंगी आणि बाईंची लेक एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या आणि चिकटवत होत्या. आई आत गेली आणि फरशीवर पोरीच्या शेजारी बसली, एप्रनसकट.

सकाळी बाई शाळेत गेल्याच नाहीत. भाषणाचा कागद पर्समध्ये तसाच होता. रुग्णालयात मुलांच्या विभागाबाहेरच्या बाकावर त्या, मुंगी आणि तिची आई अशा तिघी बसल्या. समोर शांतता राखण्याची पाटी होती आणि तिच्याखाली एक लहानगं बेंबीच्या देठापासून ओरडत होतं. भिंतीवर हसरा चेहरा एकही नव्हता. डॉक्टर म्हणजे सर्दीने नाक लाल झालेली एक मध्यमवयीन बाई. तिने मुंगीला आत घेतलं, खुर्ची दाखवली, नाक पुसलं, आणि दार लागता लागता बाईंच्या कानावर तिचा पहिला प्रश्न पडला.

"काय झालं, बाळा?"

दार लागलं. मग आतून मुंगीचा आवाज सुरू झाला, आणि मध्येच रडणं, आणि पुन्हा आवाज.

बाकावर मुंगीची आई बाहीवरचे केस एकेक करून काढत होती. कालचाच एप्रन ती घालून आली होती. सवयीने घातला गेला असावा. माझं कुठे चुकलं, तिने विचारलं. बाईंना यावर चांगलं काहीतरी बोलता आलं असतं, भाषणात तशी वाक्यं होती. पण त्या म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार. माझी मुलगी तिच्याच वर्गात. जेवताना गंमत म्हणून तिने मला हे सांगितलं, आणि मी हसले."

थोड्या वेळाने आईने स्वतःची पाण्याची बाटली बाईंच्या पुढे केली.

डॉक्टरने नंतर दोघींना आत बोलावलं. तिने लांबण लावली नाही. हा आजार आहे, ती म्हणाली, लाड नाहीत आणि नाटकही नाही. याला उपचार आहेत. वेळ लागेल, मध्येच पुन्हा बिघडल्यासारखं वाटेल, घाबरू नका, येत राहा. सध्या शाळा अर्धा वेळ, झोप पूर्ण, आणि काही दिवस तिला एकटं ठेवायचं नाही. फळ्याबद्दल मुंगीने आत सांगितलेलं दिसत होतं, कारण डॉक्टरने ती कल्पना कुणाची असं विचारलं. माझी, बाई म्हणाल्या. कल्पना वाईट नाही, डॉक्टर म्हणाली. आणि चषक कुणाचा? बाईंनी सांगितलं. डॉक्टरने नाक पुसलं आणि पुढची तारीख दिली.

तिकडे शाळेत काय घडलं ते लेकीने संध्याकाळी सांगितलं. भाषण मोठ्या सरांनी स्वतः केलं आणि त्यात मेंदूच्या रंगांचा उल्लेख केला. मग समिती व्हरांड्यात फिरली. नववीच्या फळ्यापाशी समितीतल्या एका वयस्क गृहस्थांनी मॉनिटरला विचारलं, की सगळीकडे ऊन, मग हे दोनच ढग कसे. मॉनिटर शहाणा मुलगा. मोठ्या माणसांनी विचारलं की खरं सांगायचं, हे त्याला घरी शिकवलेलं. त्याने नंबरांची सगळी व्यवस्था सांगितली: हजेरीप्रमाणे ढग, पावसाला परवानगी, वादळ बंद, अदलाबदलीचे नियम. मोठे सर पांढरेफटक पडले. लेकीला वाटलं, आता संपलं.

संपलं नाही. समितीने सगळं टिपून घेतलं, आपापसात मान डोलावली, आणि शाळेला "आनंदी शाळा" सन्मान तर मिळालाच, वर विद्यार्थ्यांनी स्वतः विकसित केलेल्या भावनांच्या नियोजनाबद्दल विशेष उल्लेखही मिळाला. पुढच्या वर्षी ही पद्धत इतर शाळांनी पाहावी अशी शिफारस झाली. मॉनिटरला पुष्पगुच्छ मिळाला.

बाईंना मिळाली ती नोटीस, महत्त्वाच्या दिवशी पूर्वसूचनेशिवाय गैरहजर राहिल्याबद्दल. त्या सरळ सरांकडे गेल्या आणि एक तर चषक बंद करा, नाहीतर पाटी काढा, असं म्हणाल्या. त्यांचा घसा त्या दिवशी ठणठणीत होता. आवाज कारकुनाच्या खोलीपर्यंत ऐकू गेला, आणि इतक्या कर्कश आवाजाची व्यक्ती या पदाला योग्य नाही हे सरांच्या लगेच लक्षात आलं. पाटी निघाली. मनःस्वास्थ्य गणिताच्या सरांकडे गेलं, आणि ते उन्हाची सरासरी दशांश चिन्हापर्यंत काढू लागले.

बाईंची खुर्ची पुन्हा पाण्याच्या पिंपाजवळ गेली. पण मधल्या सुट्टीत त्या आता तिथे नसायच्या. नकाशांच्या खोलीचं दार उघडं असायचं, आणि कुणी ना कुणी फरशीवर बसून चिकटवत असायचं. आईवडिलांचे निरोप पोचवणारं पोर तर ठरलेलं. काहींना बोलायचं असायचं, काहींना नुसतंच बसायचं असायचं. फाटलेले नकाशे संपले तेव्हा पोरं धड नकाशांच्याही कडा चिकटवू लागली, आणि बाईंनी त्यांना अडवलं नाही. एखाद्याचं ऐकून काळजी वाटली, तर त्या स्वतः शहाणपण न करता आधी त्याच्या घरी फोन लावायच्या, मग सर्दीवाल्या डॉक्टरला. डॉक्टर वैतागायची, पण फोन उचलायची.

मुंगीचं लगेच काही बरं झालं नाही. सुरुवातीचे आठवडे वाईटच गेले. एकदा ती शाळेच्या फाटकापर्यंत आली आणि परत फिरली. एकदा अर्धी वही कोरी ठेवून तासभर बाकावर डोकं टेकून झोपली, आणि भाषेच्या बाईंनी तिला उठवायला हात उचलला तेव्हा अख्ख्या वर्गाने शू केलं. बाईंची लेक दर शनिवारी तिच्याकडे जायची. काय करता तुम्ही, बाई विचारायच्या. काही नाही, लेक सांगायची, ती लोळते, मीही लोळते. आधी सारखं काहीतरी करत असायची तेच बरं होतं, आता फार कंटाळवाणी झालीय. पण पुढच्या शनिवारी पुन्हा जायची.

एका रविवारी दुपारी बाई कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा फोन वाजला. मुंगीची आई होती. तिचा श्वास लागला होता, आणि बाईंच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला.

"बाई, भांडली हो ती माझ्याशी," ती म्हणाली.

बाईंना आधी कळेचना ती रडतेय की हसतेय. झालं होतं एवढंच, की आईने न विचारता तिचं कपाट आवरलं होतं. मुंगीने घर डोक्यावर घेतलं. माझ्या वस्तूंना हात का लावलास, म्हणाली. तुला काही कळत नाही, म्हणाली. आईने एक शब्द उलट टाकला, तर तिने तीन टाकले. चांगली अर्धी पोळी हातात घेऊन भांडली, आणि भांडता भांडता खाऊन टाकली, आणि दुसरी वाढून घेऊन खोलीत गेली.

"जन्मात कधी मला उलट बोलली नव्हती," आई सांगत होती. "इतकी रागावली, इतकी... तुम्हाला ऐकवलं असतं. मी आपली उभीच."

"मग काय केलंत तुम्ही?"

"काय करणार? रागावले मीही. कपाट आवरून वर बोलणी कोण खाईल?"

तेवढ्यात फोनमधून मागे कुठेतरी दार धाडकन आपटल्याचा आवाज आला, आणि मुंगीचा आवाज, उंच आणि चिडलेला, की आई, तू आता कुणाला सांगतेयस ते. आईने घाईघाईने, ठेवते हं बाई, म्हटलं, पण फोन ठेवायला विसरली. बाई टॉवेल खांद्यावर टाकून गॅलरीत उभ्या राहिल्या आणि त्या दोघींचं भांडण ऐकत राहिल्या.